लोणारचा काळा दगड आणि रियुनियन बेट

लोणारला ज्वालामुखीचं मुख समजणारे आजही भेटतात. त्यात नवल नाही, कारण एकोणिसाव्या शतकातले भूवैज्ञानिकही बहुतेक तसंच मानत होते. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला. विवरातल्या खडकात आघाताने काच बनलेलं फेल्डस्पार, म्हणजे मास्केलिनाइट, त्यांनी दाखवलं आणि हे उल्काविवर असल्याचं पक्कं झालं.

पण हे विवर ज्या बेसॉल्टमध्ये पडलं, तो आला कुठून? आपल्या घाटावरच्या तालुक्यांत विहीर खणताना लागतो तोच हा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा ज्वालामुखी जिल्ह्यात शोधून उपयोग नाही.

पहिला धागा चुंबकत्वाचा. लाव्हा थंड होताना त्यातली चुंबकीय खनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. १९५०च्या दशकात दख्खनच्या खडकांवर अशी मोजमापं झाली आणि निष्कर्ष निघाला की हा लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात हे तेव्हा बहुतेकांना पटतच नव्हतं!

१९६३ मध्ये दोन लेख आले. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची चुंबकीय नोंद वापरून दाखवलं की मध्य-सागरी रांगेवर नवा समुद्रतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो. टुझो विल्सनने हवाईबद्दल लिहिलं: खालचा तप्तबिंदू जागेवर, वरचा तळ सरकता, म्हणून ज्वालामुखींची माळ. पुढे जेसन मॉर्गनने तप्तबिंदूंखाली प्रावरणातून वर येणारे उष्ण स्तंभ कल्पिले. दख्खन हे अशाच एका माळेचं सुरुवातीचं टोक आणि रियुनियन आजचं, असं चित्र हळूहळू उभं राहिलं.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की ही कल्पना खोटी ठरू शकत होती. ती खरी असेल तर दक्षिणेकडे जाताना खडक तरुण होत गेले पाहिजेत. १९८७ मध्ये 'जॉइडिस रिझोल्यूशन' या जहाजाने तळाला भोकं पाडली. मालदीवजवळचा बेसॉल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा निघाला, चागोसजवळचा ४.९ कोटींचा. मॉरिशस तर जेमतेम ८०-९० लाखांचा. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ आजही धगधगतो, बुलढाण्यापासून सुमारे पाच हजार किलोमीटरवर.

मात्र नकाशात ही माळ तुटलेली दिसते. कारण मध्य-सागरी रांग स्वतःच सरकत तप्तबिंदूवरून पलीकडे गेली. आधीचे ज्वालामुखी भारतीय पट्टावर राहिले (लक्षद्वीप, मालदीव, चागोस), नंतरचे आफ्रिकी पट्टावर तयार झाले. मग मधल्या रांगेने नवा तळ ओतत दोन्ही तुकडे दूर नेले. परीक्षेला 'तप्तबिंदू की सागरी रांग' असं विचारतात, इथे दोन्ही आहेत.

२०१३ मध्ये आणखी एक भानगड झाली. एवढ्या तरुण मॉरिशसच्या वाळूत ६६ कोटी वर्षांहून जुने झिरकॉनचे कण सापडले. म्हणजे लाव्ह्याखाली जुन्या खंडाचा तुकडा दडलेला असू शकतो. लक्षद्वीपच्या प्रवाळाखालीही तसंच काही आहे का, यावर वाद चालू आहे आणि त्या तळाचे खोल नमुने फारच थोडे आहेत.