पोथीशेजारचं पुस्तक

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. शाळा-कचेरीत उर्दू चालायची. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तीन इयत्ता शिकले त्या उर्दूतच. सहीसुद्धा उर्दूत. माय शाळेची पायरी चढली नव्हती. तरी घरात वाचण्याचा मान होता, तो पोथीमुळं. श्रावणात हरिविजय लागायचा. एकानं वाचायचं, गल्लीनं ऐकायचं.

अशा घरात ‘श्यामची आई’ आलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. १९५३ ला आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला. कन्नड तालुक्यातल्या आमच्या घरी ते पोचायला मात्र १९७१ उजाडलं. थोरल्या भावानं औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, गुलमंडीवरून आणलं. मी पाचवीत होतो.

या पुस्तकात धडे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. म्हणून ते आमच्याकडं पोथीसारखंच लागलं. जेवणं झाली, गुरांना वैरण टाकली, की कंदील पुढं घेऊन मी एक रात्र वाचायचो. शेजारच्या बाया येऊन बसायच्या.

गोष्ट कोकणातली, घर ब्राह्मणाचं. समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला नव्हता. पण कर्ज ओळखीचं होतं. सावकाराचा माणूस श्यामच्या आईला बोलतो, तिथं दादा उठून ओट्यावर जायचे, बिडी पेटवायचे. मराठी अक्षर त्यांना लागत नव्हतं, तगादा मात्र पाठ होता.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली, मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली. चारा संपला तशी आमची गाय बाजारात गेली. त्यानंतर ‘मोरी गाय’ची रात्र आली की माय म्हणायची, “ती ऱ्हाऊ दे बाळा, पुढली वाच.” माय होती तोवर ती रात्र आमच्या घरात पुन्हा मोठ्यानं वाचली गेली नाही.

या पुस्तकानं संस्कार केले असं सगळे म्हणतात. केले असतील. मला दिसतं ते वेगळं. कर्जाचं, गायीचं दुःख चारचौघांत काढायची आमच्यात रीत नव्हती, लाज वाटायची. पुस्तकानं ते मोठ्यानं काढलं. आणि धाकट्या बहिणीची शाळा चौथीतच सुटणार होती, तेव्हा माय अडून बसली, “हा उद्या कामाला गेला तर वाचील कोण?” बहीण सातवी झाली. तिच्या लेकी आज नोकरीला आहेत.

पुस्तक अजून पोथीशेजारी, त्याच फडक्यात आहे. पानांवर तेलाचे, हळदीचे डाग. परवा नातीनं विचारलं, “आजोबा, एवढीच पानं स्वच्छ कशी?” मी सांगितलं. ती गप झाली, मग मनातल्या मनात वाचायला लागली.

म्हटलं, “मोठ्यानं वाच, बाई. आता चालतंय.”