शाळेला घोळक्याने सायकलवर जाताय? मग रस्त्यावरचे हे नियम पाळा

मुक्ताईनगर : तालुक्यातील अनेक खेड्यांची पोरं-पोरी सकाळी घोळक्याने सायकलवर शाळा-कॉलेजला निघतात. सोबत असली की घरच्यांना धीर वाटतो. पण सुरत-कोलकाता महामार्ग, बऱ्हाणपूर रस्ता आणि हंगामात ऊस-केळीच्या ट्रॉल्या, यात घोळका शिस्तीत नसेल तर एकाची चूक चौघांना भोवते.

रांग कशी लावायची?
रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक. गप्पा मारत तिघं-चौघं शेजारी चालवू नका. सर्वात हळू चालवणारं लहान पोर पुढून दुसरं ठेवा, म्हणजे सगळ्यांचा वेग त्याच्या बेताने राहतो. मोठं, समजदार पोर सर्वात मागे. दोन सायकलींत किमान दोन सायकली मावतील एवढं अंतर हवं. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं चाक भिडलं तर पडतो तो मागचा.

सांगितल्याशिवाय थांबू नका
पुढच्याने खड्डा, गिट्टी, कुत्रं दिसताच हाताने दाखवावं आणि ओरडून सांगावं. वळायचं त्या बाजूचा हात आधी बाहेर काढा. चेन पडली, तर रस्त्यावर नाही, साइडपट्टीच्या खाली उतरून बसवा. ओढणी आणि दप्तराचे बंद चाकात जाणार नाहीत असे बांधा. डबलसीट आणि कानात हेडफोन नको.

उलट्या बाजूने जाऊ नका
दुभाजकाचा कट लांब आहे म्हणून अनेक जण उलट्या बाजूने जातात. हिशेब साधा आहे. सायकल ताशी 15 किलोमीटर आणि ट्रक 60 ने समोरून आला, तर दोघं ताशी 75 च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळपास 21 मीटर जवळ येतात. सावरायला वेळच उरत नाही.

रस्ता ओलांडताना
घोळक्यातला सर्वात मोठा धोका इथेच. पुढचा गेला म्हणून मागचा न बघता निघतो. पुढच्यासाठी रस्ता मोकळा होता, तुमच्यासाठी असेलच असं नाही. खाली उतरा, सायकल हातात धरा, प्रत्येकाने स्वतः दोन्हीकडे बघा. ट्रॅक्टर गेला की लगेच निघू नका, त्याला मागे दुसरी ट्रॉली जोडलेली असू शकते. पलीकडे गेलेल्यांनी बाकीचे येईपर्यंत थांबावं.

पालकांनी काय बघायचं?
आठवड्यातून एकदा दोन्ही ब्रेक, हवा, चेन आणि घंटी तपासा. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. हिवाळ्यात क्लासहून परतताना अंधार पडतो, तेव्हा फिक्या रंगाचे कपडे आणि बॅटरी हवीच. मुक्ताईच्या पालखीसोबत चाललेल्यांना रांगेची शिस्त ठाऊक असते, तीच पोरांना शिकवा.

अपघात झालाच तर
रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 वर फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, म्हणून घाबरून निघून जाऊ नका. वाहन धडक देऊन पळालं आणि सापडलं नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या केंद्राच्या योजनेत मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये भरपाई आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद करून तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी.

शाळेला पाच मिनिटं उशीर झाला तर मास्तर रागावतील. तेवढं चालेल. पोर संध्याकाळी घरी आलं पाहिजे.