सत्तावीस–दहा आणि त्यानंतर

१ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे सुमारे ५३ हजार प्रेक्षकांसमोर नोत्र दाम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघावर २७–१० असा विजय मिळविला. क्रीडेतिहासाची पुस्तके हा सामना बहुधा एका परिच्छेदात आटोपतात. आम्हांला त्याच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. त्या दिवशीच्या फलकावरील आकड्यांनी खेळाचे पुरते वर्णन होत नाही, हे एक कारण. दुसरे असे की, विद्यापीठ चालविणाऱ्या धर्मगुरूंनी या यशानंतर घेतलेला निर्णय तब्बल पंचेचाळीस वर्षे टिकला.

वाचकांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'फुटबॉल' म्हटले की गोव्यातला वा आपल्या शाळेच्या मैदानावरचा पायाने खेळायचा खेळ येईल. अमेरिकेतला हा खेळ निराळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचे. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिपक्षाच्या हद्दीच्या शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण, त्यानंतरच्या यशस्वी लाथेचा एक गुण, आणि दूरवरून खांबांमधून चेंडू लाथाडला तर तीन गुण. महाविद्यालयांचा हंगाम शरद ऋतूत संपतो. त्यानंतर, नववर्षाच्या सुमारास, निवडक संघांना आमंत्रून जे खास सामने होतात त्यांना 'बाऊल' म्हणतात. वाडग्याच्या आकाराच्या प्रेक्षागारांवरून हे नाव पडले. त्यांतला सर्वांत जुना पॅसाडीनाचा 'रोझ बाऊल'.

नोत्र दामची स्थापना १८४२ साली इंडियाना राज्यात फादर एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मगुरूंनी केली. ते होली क्रॉस धर्मसंघाचे. हा धर्मसंघ आपल्या उपखंडाला परका नाही. १८५३ पासून त्याचे मिशनरी पूर्व बंगालात आहेत आणि ढाक्यातले नोत्र दाम महाविद्यालय त्यांचेच. इंडियानातल्या विद्यापीठात आयरिश, पोलिश, जर्मन, इटालियन स्थलांतरितांची मुले शिकत. अमेरिकेत त्या काळी कॅथलिक असणे म्हणजे अर्धे परके असणे. १९२४ साली तर कू क्लक्स क्लॅन ही संघटना कृष्णवर्णीयांइतकाच कॅथलिकांचा आणि यहुद्यांचा द्वेष उघडपणे पसरवीत होती, आणि तिचा सर्वांत बळकट गड होता इंडियाना. त्या वर्षी मे महिन्यात क्लॅनचे लोक साउथ बेंड शहरात मेळाव्यासाठी उतरले तेव्हा नोत्र दामच्या विद्यार्थ्यांची त्यांच्याशी रस्त्यात झटापट झाली. विद्यापीठाचे प्रमुख फादर मॅथ्यू वॉल्श यांना मुलांना आवरण्यासाठी स्वतः पुढे व्हावे लागले. नोव्हेंबरात क्लॅनचा पाठिंबा असलेला उमेदवार राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. ज्या शरद ऋतूत हे घडले त्याच ऋतूत नोत्र दामचा संघ एकामागून एक नऊ सामने जिंकत होता.

संघाचे प्रशिक्षक होते क्नूट रॉक्नी. जन्माने नॉर्वेजियन, पंथाने लुथेरन. (त्यांनी कॅथलिक पंथाचा स्वीकार केला तो पुढे, नोव्हेंबर १९२५ मध्ये.) स्टुलड्रेअर, क्राउली, मिलर आणि लेडन हे त्यांचे आघाडीचे चार गडी. ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये सैनिकी अकादमीच्या संघाविरुद्धचा सामना त्यांनी १३–७ असा जिंकला. तेव्हा ग्रँटलंड राइस या वार्ताहराने त्यांना प्रकटीकरणाच्या पुस्तकातील चार घोडेस्वारांची उपमा दिली. लगोलग गणवेशातल्या चौघांना खऱ्या घोड्यांवर बसवून छायाचित्र काढण्यात आले आणि ते देशभर छापून आले. प्रसिद्धीची कला त्या काळीही फारशी मागासलेली नव्हती.

पॅसाडीनाचा प्रवास आगगाडीने, दक्षिणेच्या लांबच्या वाटेने झाला. न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, टूसॉन असे मुक्काम पडले. बरोबर फादर जॉन ओहारा होते. विद्यार्थ्यांच्या धार्मिक जीवनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. (पुढे ते फिलाडेल्फियाचे आर्चबिशप आणि १९५८ साली कार्डिनल झाले.) वाटेत मिस्सा आणि कम्युनियन चुकू नये याची व्यवस्था त्यांनी केली. ही मुले मिस्साला जातात, कम्युनियन घेतात आणि मैदानावर कोणालाही हार जात नाहीत, हे देशाने पाहावे, असा त्यांचा हेतू होता. क्लॅनच्या त्या वर्षात या हेतूला वजन होते.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. रॉक्नींनी आरंभी नेहमीप्रमाणे दुसऱ्या फळीचे गडी उतरविले. स्टॅनफर्डने मुसंडी मारताच त्यांना बाहेर घेऊन पहिल्या फळीला पाचारण करावे लागले. स्टॅनफर्डने तीन गुणांची आघाडी घेतली. लेडनने तीन यार्डांवरून धाव घेऊन ती मागे टाकली. नंतर स्टॅनफर्डने फेकलेला चेंडू हवेतच पकडून तो ७८ यार्ड पळाला. तिसऱ्या वेळी प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू हन्सिंगरने उचलून रेषेपार नेला, आणि अखेरीस लेडननेच पुन्हा एक फेक पकडून ७० यार्डांची दौड केली. म्हणजे नोत्र दामने चार वेळा रेषा ओलांडली, पैकी तीनदा चेंडू स्टॅनफर्डने जणू हातात आणून दिला होता.

दुसऱ्या बाजूला अर्नी नेव्हर्स होता. त्या हंगामात त्याचे दोन्ही घोटे मोडले होते. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी तयार केलेल्या आधारपट्ट्या बांधून तो साठच्या साठ मिनिटे खेळला आणि एकट्याने ११४ यार्ड धावला. उत्तरार्धात नोत्र दामच्या रेषेशी तो शेवटच्या प्रयत्नात आपटला. चेंडू रेषेच्या काही इंच अलीकडे राहिला, असा पंचांनी निर्णय दिला. तो पार गेला होता, असे स्टॅनफर्डचे लोक पुढे कित्येक वर्षे म्हणत राहिले. मैदानाचा अधिक भाग स्टॅनफर्डनेच कापला होता. आठ वेळा चेंडू गमावला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न रास्त आहे.

आम्हांला गुण द्यावयास सांगितले तर आम्ही बचावाला उत्तम म्हणू. रेषेशी उभे राहून नेव्हर्सला थोपविणे आणि प्रतिपक्षाच्या चुकीची वाट पाहत सावध राहणे हेही कौशल्यच. लेडनला पैकीच्या पैकी. आक्रमणाला मात्र मध्यम. त्या विख्यात घोडेस्वारांना त्या दिवशी फारशी वाट सापडली नाही, आणि हे त्यांच्या स्तुतिपाठकांनी सहसा सांगितले नाही. नेव्हर्सला मात्र पराभूत संघात असूनही दिवसाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणावे लागते.

आणि भवितव्य? चौघेही घोडेस्वार त्याच वर्षी पदवीधर होऊन गेले. पुढच्या शरद ऋतूत त्याच सैनिकी अकादमीने नोत्र दामला २७–० असे धुळीला मिळविले, नेब्रास्काने १७–० असे हरविले. रॉक्नींनी १९२९ आणि १९३० मध्ये पुन्हा अजिंक्य संघ उभे केले, आणि मार्च १९३१ मध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. पॅसाडीनाला मात्र ते आपला संघ पुन्हा नेऊ शकले नाहीत.

कारण विद्यापीठाने बाऊल सामने बंद केले होते. डिसेंबरात निघालेला संघ जानेवारीत परततो, अभ्यासाचे काय? शिवाय 'ही तर फुटबॉलची शाळा' हा टोमणा प्राध्यापकांच्या जिव्हारी लागत असे. आसपासच्या मोठ्या विद्यापीठांची संघटना, म्हणजे आजची 'बिग टेन', आपल्या सदस्यांना असे सामने खेळू देत नव्हती, आणि तिच्यात प्रवेश मिळविण्याचे नोत्र दामचे प्रयत्न निष्फळ ठरले होते. ज्यांच्या पंक्तीला बसायचे त्यांच्यापेक्षा आपले नियम सैल असून चालणार नाही, हे धर्मगुरूंनी ओळखले. विद्वत्तेची प्रतिष्ठा त्यांना विजयापेक्षा मोलाची वाटली. चालत आलेला मानही त्यासाठी नाकारला, ही गोष्ट आम्हांला २७–१० पेक्षा मोठी वाटते.

या काळात संघ दुबळा झाला असे कोणी समजू नये. फ्रँक लेही यांच्या हाताखाली १९४३, १९४६, १९४७ आणि १९४९ साली, तसेच आरा पार्सेगियन यांच्या हाताखाली १९६६ साली नोत्र दाम देशात पहिले ठरले, तेही एकही बाऊल न खेळता. हे शक्य झाले याचे कारण गंमतीचे आहे. अव्वल क्रमांक ठरत असे वृत्तसंस्थांनी घेतलेल्या मतांवर, आणि ती मते पूर्वी बाऊल सामन्यांच्या आधीच मोजली जात. गुणपत्रिका आधी, शेवटची परीक्षा नंतर! वार्ताहरांची मते घेणाऱ्या असोसिएटेड प्रेसने १९६८ पासून हा क्रम कायमचा बदलला. प्रशिक्षकांची मते घेणारी युनायटेड प्रेस इंटरनॅशनल ही संस्था मात्र जुन्या वाटेनेच चालत राहिली.

१९६९ च्या नोव्हेंबरात नोत्र दामने बंदी उठविली. फादर थिओडोर हेसबर्ग तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. मिळणारा पैसा अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळविण्याचे ठरले, आणि १ जानेवारी १९७० रोजी डॅलसच्या 'कॉटन बाऊल'मध्ये संघ अव्वल क्रमांकाच्या टेक्सासपुढे उभा राहिला. तो १०–० असा पुढे गेला, मागे पडला, पुन्हा १७–१४ असा पुढे गेला. शेवटी १ मिनिट ८ सेकंद उरले असताना टेक्सासने रेषा ओलांडून सामना २१–१७ असा जिंकला. त्या दिवशी टेक्सासच्या बाजूला कुबड्या घेऊन फ्रेडी स्टाइनमार्क उभा होता. हा भाविक कॅथलिक तरुण त्याच संघाचा बचावपटू. हाडाच्या कर्करोगामुळे अवघ्या वीस दिवसांपूर्वी त्याचा पाय काढण्यात आला होता. जून १९७१ मध्ये तो वारला. त्या सामन्याच्या कुठल्याही हिशेबात त्याचे नाव गाळता येत नाही.

पराभवातल्या या खेळाला आम्ही १९२५ च्या विजयापेक्षा अधिक गुण देऊ, आणि या वेळी भवितव्यानेही दुजोरा दिला. बरोबर वर्षाने त्याच मैदानावर नोत्र दामने टेक्सासला २४–११ असे हरवून त्यांची सलग ३० विजयांची मालिका खंडित केली. युनायटेड प्रेसने मात्र टेक्सासला आधीच विजेते ठरवून टाकले होते. ३१ डिसेंबर १९७३ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या 'शुगर बाऊल'मध्ये हाच प्रकार पुन्हा घडला. अलाबामाला युनायटेड प्रेसचा मुकुट मिळालेला होता, आणि नोत्र दामने त्यांना २४–२३ असे नमविले. सामन्याच्या अखेरीस आपल्याच रेषेमागून टॉम क्लेमंट्सने धाडसाने फेकलेला चेंडू रॉबिन वेबरने ३५ यार्डांवर झेलला, म्हणून ती एका गुणाची आघाडी टिकली. पुढच्या हंगामापासून युनायटेड प्रेसनेही बाऊल संपेपर्यंत थांबण्याचे मान्य केले.

त्या रात्री कोणीही म्हटले असते की पार्सेगियन यांची सत्ता आता दहा वर्षे हलत नाही. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. थकलो, एवढेच त्यांचे कारण. वय अवघे एकावन्न. १ जानेवारी १९७५ रोजी अलाबामाला पुन्हा, १३–११ असे हरवून ते बाजूला झाले आणि त्यांनी पुन्हा कधी प्रशिक्षकपद स्वीकारले नाही.

पहिल्या बाऊलला शंभर वर्षे झाली त्या आठवड्यात नोत्र दामने 'शुगर बाऊल'मध्ये जॉर्जियाला २३–१० असे हरविले. प्रशिक्षक मार्कस फ्रीमन हे २०२२ साली कॅथलिक झालेले. २० जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात मात्र ओहायो स्टेटकडून संघ ३४–२३ असा पराभूत झाला. आता मुकुट मतांवर ठरत नाही. बारा संघांची बाद फेरी असते, पण ते बारा संघ निवडते एक समिती. डिसेंबर २०२५ मध्ये दहा विजय आणि दोन पराभव अशी कामगिरी असूनही समितीने नोत्र दामला बारांत घेतले नाही. तेव्हा इतर कुठलाही बाऊल खेळणार नाही, असे विद्यापीठाने त्याच दिवशी जाहीर केले. फादर वॉल्श यांच्या काळात बाऊलला नकार दिला तो मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून. या नकाराच्या निवेदनात अभ्यासाचा उल्लेख नव्हता.