सॅकेड आणि अनुमस्तिष्क

एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे पाहताना दोन्ही डोळे एकदम जी झेप घेतात, तिला सॅकेड म्हणतात. या झेपेचे माप अचूक राखण्याचे कार्य मुख्यतः अनुमस्तिष्क, म्हणजेच लहान मेंदू, करते. वाचताना नजर ओळीवरून सरकत जाते असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती थांबत थांबत, सेकंदाला सुमारे ३ उड्या घेत पुढे जाते.

मोठ्या सॅकेडचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्या आसपास जातो आणि बहुतेक सॅकेड १०० मिलिसेकंदांच्या आत संपतात. डोळ्यांनी टिपलेले दृश्य मेंदूपर्यंत पोहोचून त्यानुसार दुरुस्ती होण्यापूर्वीच झेप पूर्ण झालेली असते. म्हणून तिला सुटलेल्या बाणाची उपमा देतात. ती पूर्णतः लागू पडत नाही, कारण हा बाण वाटेतही आवरला जातो.

==कार्यपद्धती==
डोळ्यांच्या स्नायूंना आदेश मस्तिष्कस्तंभातील चेतापेशी देतात. त्याच आदेशाची प्रत अनुमस्तिष्काकडेही जाते. अनुमस्तिष्काच्या मधल्या पट्ट्यातील (वर्मिस) पुर्किंजे पेशी खोलवर असलेल्या फॅस्टिजियल केंद्रकांच्या जोडीला नियंत्रित करतात. नजर उजवीकडे वळताना डावे केंद्रक आरंभी गतीला जोर देते, तर उजवे केंद्रक अखेरीस लगाम घालते. उजवे केंद्रक निकामी झाल्यास उजवीकडे जाणारी नजर लक्ष्य ओलांडते व तिला मागे फिरावे लागते. वर्मिसला इजा झाल्यास बहुधा उलट घडते. नजर लक्ष्याच्या अलीकडेच थांबते.

==अनुकूलन==
१९६७ साली मॅकलॉफ्लिन यांनी झेप चालू असतानाच लक्ष्य किंचित मागे सरकवून पाहिले. पाहणाऱ्याला सहसा हा बदल जाणवत नाही, तरीही काही पुनरावृत्तींनंतर त्याची झेप आपोआप आखूड होते. ऑप्टिकन व रॉबिन्सन यांनी १९८० साली माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की, डोळ्याचे स्नायू दुर्बल झाले तरी झेपेचे माप पुन्हा जुळते. मात्र अनुमस्तिष्क काढल्यावर ही क्षमता नष्ट होते. वयोमानाने वा आजाराने स्नायू बदलले तरी नजर नेमकी राहते, ती या शिकण्यामुळेच.

==निदानातील उपयोग==
रुग्णास आळीपाळीने दोन बोटांकडे पाहण्यास सांगून वैद्य ही झेप तपासतात. झेप चुकत असल्यास अनुमस्तिष्काचा, तर ती मंद असल्यास मस्तिष्कस्तंभाचा दोष संभवतो. हा भेद महत्त्वाचा आहे. मुंबईचे चेताविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी स्वामी यांच्यासह १९७१ साली भारतीय कुटुंबांतील एक आनुवंशिक विकार वर्णिला. त्यात तोल जाण्याबरोबरच सॅकेड अत्यंत मंद झालेले आढळले.