इंजिनाच्या धुराची जबानी

पेट्रोलवर चालणारे इंजिन हे वस्तुतः हवेवर चालणारे इंजिन होय. कारण एक किलो पेट्रोल पुरतेपणी जाळावयाचे तर त्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि या दोहोंचा मेळ बिघडला की उत्तमातले उत्तम यंत्रही कुरकुरू लागते. रसायनशास्त्राचा हा आकडा स्थिर असला, तरी इंजिनाच्या गरजा मात्र त्या एका आकड्यात मावत नाहीत. घाट चढताना गाडी सारा जोर मागत असते तेव्हा तिला साडेबारा-तेराच्या आसपासचे, मिस्त्री लोक ज्याला ‘रिच’ म्हणतात ते, पेट्रोलाकडे झुकलेले मिश्रण मानवते. सपाट रस्त्यावर संथ चालीने जाताना तेच इंजिन पंधरा-सोळाच्या ‘लीन’ मिश्रणावर राजीखुशीने चालते. आणि थंडीच्या पहाटे चोक ओढून त्याला जागे करावे तर त्या वेळची मागणी या दोहोंहून निराळी. ज्या कार्बोरेटरवर ही सारी मर्जी सांभाळण्याचे काम सोपविलेले होते, त्याला आपण काय दिले आणि त्याचे पुढे काय झाले याची काडीचीही वार्ता नसे, आणि चक्राशी बसलेल्या चालकालाही नसे. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीपासून पुढची नव्वद वर्षे मोटारगाडीने या अज्ञानात काढली, ही गोष्ट आज विस्मयकारक वाटते.

बेंझच्या त्या गाडीत हवा नुसती इंधनाच्या पृष्ठभागावरून जाऊन त्याची वाफ उचलीत असे. १८९३ साली विल्हेल्म मायबाखने बारीक तोटीतून इंधनाचा फवारा हवेच्या वाटेत सोडण्याची युक्ती काढली, आणि त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनीही तशाच तऱ्हेच्या कार्बोरेटरचे पेटंट मिळविले. पुढे फ्रान्सचा सोलेक्स आला, इंग्लंडचा एसयू आला. या दुसऱ्याचा जनक स्किनर हा पादत्राणांच्या व्यापारी घराण्यातला असल्यामुळे त्याच्या पहिल्या कार्बोरेटरांत चामड्याचा भाता होता, ही मौजही सांगण्यासारखी आहे. परंतु या सर्वांचे तत्त्व एकच: अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटच्या छिद्रातून पेट्रोल वर येते. ही ओढ हवेचे आकारमान ओळखते, वजन नीटसे ओळखीत नाही. म्हणूनच वाईस उत्तम चालणारी गाडी महाबळेश्वरच्या विरळ हवेत पोहोचली की मिश्रण आपोआप रिच होऊन किंचित मंदावते.

मग हे प्रमाण जुळले की नाही ते कळावे कसे? त्यासाठी गॅरेजांतून परंपरेने जी साक्ष चालत आली ती मुख्यतः स्पार्क प्लगची. प्लग काढून उजेडात धरावा. टोकाशी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक आणि भाजल्यासारखा असेल तर कमी, आणि बिस्किटाच्या रंगाचा असेल तर सारे ठीक, असा तो दंडक. शर्यतींतले लोक याच्याही पुढे जात आणि भर वेगात इंजिन एकदम बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवीत व जागीच प्लग काढीत, म्हणजे मंद चालीची काजळी त्यावर चढावयास सवड मिळू नये. एसयूची परीक्षा आणखी सूक्ष्म होती: कार्बोरेटराच्या बगलेतील लहानशी खीळ बोटाने मिलिमीटरभर वर उचलावयाची आणि कान द्यावयाचे, इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर मिश्रण रिच, पडली तर लीन, आणि क्षणभर उंचावून पूर्ववत झाली तर योग्य. विलायतेतील गनसन नावाच्या पेढीने तर प्लगच काचेचा केला. तो बसवून आत डोकावले की पिवळसर ज्वाळेवरून पेट्रोलाचे आधिक्य आणि निळ्या ज्वाळेवरून योग्य प्रमाण प्रत्यक्ष दिसे.

मुंबईच्या फियाटी आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनी ज्या हातांनी वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या, त्यांची पद्धत याहून साधी होती. सोलेक्सच्या बुडाशी असलेला मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आवळावयाचा, मग उलट फिरवीत त्याची लय सर्वांत भरदार होईल तेथे थांबावयाचे. ही विद्या खरीच होती. परंतु तिचा अंमल उभ्या गाडीपुरता. तो स्क्रू केवळ निष्क्रिय चालीचे मिश्रण ठरवितो, रस्त्यावरचे मिश्रण मुख्य जेट ठरविते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमाने अशा चारचाकींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडवर जी ३ टक्क्यांची मर्यादा घातली, तिची पीयूसी तपासणीही उभ्या गाडीचीच. पीयूसीचा दाखला खिशात असलेली गाडी बोरघाटात पेट्रोलावाचून तळमळत असणे, हे त्यामुळे अगदी संभवनीय होते. सारांश, प्लगची साक्ष ही सालअखेरच्या ताळेबंदासारखी होती; एकूण शिल्लक कळे, पण कोणत्या दिवशी कोणता खर्च झाला ते कळावयास रोजमेळ हवा होता.

असा रोजमेळ प्रथम मिळाला तो विमानांना, कारण तेथे इंधनाची चूक म्हणजे समुद्रात पडणे. १९३० नंतरच्या दशकात केंब्रिज नावाने ओळखला जाणारा धूर-विश्लेषक विमानांतून बसविला जाऊ लागला. त्याची रचना कौतुकास्पद आहे: विजेने तापविलेल्या बारीक तारांपैकी एक इंजिनाच्या धुरात आणि दुसरी स्वच्छ हवेत ठेवावयाची, कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा कमी उष्णता वाहून नेतो आणि हायड्रोजन कितीतरी अधिक, म्हणून धुरातील या वायूंचे प्रमाण बदलले की त्या तारेचे तापमान आणि त्याबरोबर तिचा विद्युत्-अवरोध बदलतो, व तो फरक वैमानिकापुढील काट्यावर उमटतो. १९३७ च्या मार्चमध्ये अमेरिकन वैमानिका अमेलिया इअरहार्ट ओकलंडहून होनोलुलूस निघाली, तेव्हा लॉकहीड या विमान-कंपनीच्या केली जॉन्सन या तरुण अभियंत्याने तिला जो तपशील आखून दिला, त्यात प्रत्येक टप्प्याला किती फेरे, किती दाब आणि केंब्रिजचा काटा कोठे हवा हे नमूद होते. चढताना ०.०७८, पुढे ०.०७३, आणि मग तासनतास ०.०७२. हे आकडे हवेवर इंधन मांडलेले आहेत. उलटे करून पाहिले तर ते १२.८ पासून १३.९ पर्यंत येतात. याच विमानाने ती जूनमध्ये कराचीहून कलकत्त्यास गेली आणि जुलैत पॅसिफिकवर नाहीशी झाली; जॉन्सनने मात्र पुढे यू-२ सारखी विमाने घडविली.

मोटारीला हे भाग्य लाभण्यास आणखी चार दशके लागली, आणि तेही चालकाच्या सोयीसाठी नव्हे. १८९७ च्या सुमारास ग्यॉटिंगेनमध्ये वाल्टर नेर्न्स्टने झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा केला होता. तापलेल्या त्या मातीतून ऑक्सिजनचे विद्युत्भारित अणू वाहतात, हा गुण दिवा विस्मृतीत गेल्यावरही शास्त्राच्या दफ्तरी राहिला. दरम्यान लॉस एंजेलिसच्या आकाशातील पिवळट धुक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आहे हे १९५० नंतर हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखविले, १९७० साली अमेरिकेने कडक कायदा केला, आणि धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक तेव्हाच नीट काम करी जेव्हा मिश्रण १४.७ च्या अगदी निकट राहील. बॉशने नेर्न्स्टच्या त्याच मातीची प्लॅटिनम चढविलेली लहानशी टोपी, म्हणजे ऑक्सिजनचा संवेदक, करून ती धुराच्या नळीत खोचली. आत हवा, बाहेर धूर, आणि दोहोंतील ऑक्सिजनच्या तफावतीने निर्माण होणारा विद्युत्-दाब. १९७६ साली ती प्रथम व्होल्वोच्या गाडीतून कॅलिफोर्नियात गेली. रिचला सुमारे ०.९ व्होल्ट, लीनला ०.१, मध्ये एकदम कडा. म्हणजे ती बाजू सांगे, अंतर सांगत नसे. गाडीतील संगणकाला तेवढे पुरे होते, आणि मनुष्याने ते वाचावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

आपल्याकडे हा संवेदक येण्याच्या वाटेत शिसे होते. शिशाच्या पेट्रोलाने त्याचे प्लॅटिनम लवकरच निकामी होते. चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून आणि देशभर २००० च्या आरंभी शिसे गेले तेव्हाच ही वाट मोकळी झाली. येथे एक योगायोग पाहण्यासारखा आहे: प्लगवर बिस्किटी रंगाची जी पुटे चढत, त्यांत शिशाचाही वाटा होता; ते गेल्यावर प्लग फिके आणि अबोल झाले. जुन्या साक्षीदाराची वाचा गेली, आणि त्याच फर्मानाने नव्याला कचेरीत प्रवेश मिळाला.

१९९० नंतर प्रसृत झालेल्या विस्तृत पल्ल्याच्या संवेदकाने उरलेली उणीव भरून काढली. त्याच्या पोटातील एक कोश ऑक्सिजन आत-बाहेर पंप करून समतोल साधतो आणि त्यासाठी लागलेल्या विद्युत्-प्रवाहावरून प्रमाणाचा नेमका आकडा काढतो. जुन्या गाडीत संगणक नसतो. तेथे हा आकडा वाचावयास चालकाखेरीज दुसरे कोणी नाही, म्हणूनच हौशी मालक सायलेन्सरच्या पुढच्या नळीवर वेल्डिंगने एक नट बसवितात, पाणी साचू नये म्हणून संवेदक तिरपा वर ठेवितात, आणि डॅशबोर्डावर काटा लावितात. ॲक्सिलरेटर एकदम दाबावा तर काटा क्षणभर लीनकडे उडतो. कार्बोरेटराचा पंप पेट्रोलाची पिचकारी मारीपर्यंतची ती रिकामी जागा पूर्वी केवळ पायाला जाणवे. मात्र या जबानीतही खोट असते. एखादा सिलिंडर पेटलाच नाही, तर त्यातील न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि पेट्रोलाने ओथंबलेले इंजिन काटा लीन म्हणून दाखवितो. नळीच्या सांध्यातून हवा शिरत असली तरीही तेच. अशा वेळी काट्यावर विसंबून जेट मोठे करणारा मनुष्य रोग वाढवितो, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी उभा राहून तुटक आवाज ऐकणारा मिस्त्री तो ओळखतो.

अलीकडे पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आल्यापासून या काट्याची गरज वाढली आहे. इथेनॉलात ऑक्सिजन अंगचाच असल्यामुळे या इंधनाला पुरती हवा १४.७ नव्हे, सुमारे साडेतेराच पट लागते. म्हणजे निर्भेळ पेट्रोलासाठी छिद्र पाडलेले सोलेक्सचे जेट आज त्याच गाडीला सात-आठ टक्के लीन चालविते. गमतीचा भाग हा की, संवेदक केवळ ऑक्सिजनचा हिशेब ओळखीत असल्याने समतोल साधताच काटा इंधन कोणतेही असो १४.७ च दाखवितो. तेव्हा या इंधनावर त्यातील आकडा शब्दशः घेऊ नये. काटा सोळाकडे सरकलेला दिसला की मुख्य जेट एक क्रमांक मोठे घालून पुन्हा घाट चढून पाहावा.