रेडा वेद बोलला, तरी शंका का उरली?

१. चमत्कार डोळ्यांनी पाहूनही धर्मग्रंथांतील काही माणसे अविश्वासीच राहतात. असे का? छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा आणि पैठण या दोन स्थळांच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेता येतो.

२. अजिंठ्याच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात श्रावस्तीचा चमत्कार कोरलेला आहे. एकाच बुद्धाची अनेक रूपे कमळांवर विराजमान झालेली तेथे दिसतात.

३. मात्र ‘दीघनिकाया’तील केवट्ट सुत्तात बुद्ध वेगळी भूमिका घेतात. भिक्षूंकरवी चमत्कार घडवावेत, ही नालंद्याच्या केवट्टाची विनंती ते नाकारतात. संशयी माणूस त्यास ‘गांधारी विद्या’ म्हणेल, हे त्यांचे कारण. घटना डोळ्यांना दिसते. तिचा अर्थ मात्र पाहणाराच लावतो.

४. आता पैठण. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची चारही मुले बहिष्कृत ठरली होती. शुद्धिपत्रासाठी ती पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली.

५. महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) ग्रंथातील कथा प्रसिद्ध आहे. सर्वांभूती एकच आत्मा, असे ज्ञानदेव म्हणाले. तेव्हा पखालीच्या रेड्यावरून त्यांची थट्टा झाली. त्यावर रेड्याच्या मुखातून वेद उमटले आणि सभा नमली.

६. पण त्या चमत्काराचा अर्थ पैठणने स्वीकारला का? सुमारे ३०० वर्षांनी त्याच नगरीत संत एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढले. ब्राह्मणांनी जेवण नाकारले, तेव्हा पितर स्वतः पंक्तीस उतरले, असे चरित्रपरंपरा सांगते. तरीही नाथांना प्रायश्चित्त सांगण्यात आले!

७. शंकेचे मूळ येथे दिसते. रेड्यातील आत्मा मान्य करणे सोपे होते, कारण त्यासाठी काही सोडावे लागत नव्हते. शेजारच्या माणसातील आत्मा मान्य केला असता, तर पंक्तिभेद आणि निवाड्याचा अधिकार दोन्ही सोडावे लागले असते. अविश्वास अनेकदा पुराव्याच्या अभावातून नव्हे, तर गमावण्याच्या भीतीतून जन्मतो.

८. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये नेवाशात ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण केली. तिची शुद्ध प्रत १५८४ मध्ये एकनाथांनी सिद्ध केली. सुमारे ९,००० ओव्यांच्या त्या ग्रंथात रेड्याच्या वेदपठणाचा उल्लेखही नाही. त्यात आहे तो गीतेचा अर्थ, सर्वांना कळेल अशा मराठीत.