खांद्यावरच्या तोफा

नेदरलँड्समधल्या वॅगनिंगनच्या शेतकी विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा ज्या आजींच्या घरी मी भाड्यानं राहिले, त्यांचे वडील 1940 मध्ये डच तोफखान्यात होते. जेवायला बसताना त्यांच्या डावीकडे कुणी मूल बसायचं नाही, कारण त्या कानाला ऐकूच येत नसे. तो कान तोफेनं नेला, असं आजी सांगत.

ऑगस्ट 1939 च्या अखेरीस डच सैन्याची जमवाजमव झाली, तेव्हा सरकारनं माणसांबरोबर शेतांवरचे घोडेही नेले. आजींच्या घरचे दोन गेले. वडिलांच्या तोफखाना तुकडीला मिळाली ती ‘8-स्टाल’ तोफ. क्रुप कारखान्याची, 8.4 सेंटिमीटर तोंडाची, 1880 च्या सुमाराची, म्हणजे वडिलांच्याही जन्माआधीची. धक्का जिरवायची यंत्रणाच तिच्यात नव्हती. बार उडाला की अख्खी तोफ चाकांसकट मागे उसळायची. मग गड्यांनी खांदे लावून ती जागेवर आणायची, पुन्हा नेम धरायचा, पुन्हा गोळा भरायचा, आणि हे दर बाराला. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहून निभावलं, याही वेळी निभावेल, या भरवशावर देशानं तोफखान्याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं. त्याचा भार या पोरांच्या खांद्यांवर आला, आणि ते आठवलं की मला आजही राग येतो.

10 मे रोजी जर्मन फौजा घुसल्या. त्याच दिवशी वॅगनिंगनची माणसं कोळशाच्या पडावांतून ऱ्हाइन नदीवाटे हलवली. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. उतरल्यावर आईनं जवळच्या एकाच रुमालानं चारही भावंडांची काळी तोंडं पुसली, एवढं त्यांना लख्ख आठवत होतं.

लढाई पेटली ती शेजारच्या ऱ्हेननजवळ, ग्रेबेबर्ग टेकडीवर. तिथं प्राणिसंग्रहालय होतं. पिंजरे फुटले तर काय, म्हणून हिंस्र जनावरं आधीच गोळ्या घालून मारली होती. ‘ग्रेबे रेषा’ या डच संरक्षण फळीपुढचा बराच मुलूख मुद्दाम पाण्याखाली घातलेला, पण टेकडीसमोरची जमीन उंचावर. तिथं पाणी चढेना. जर्मनांनी नेमकी तीच वाट धरली. 11 तारखेच्या रात्री ते चढाई करणार होते. डच तोफांनी असा मारा केला की ती त्यांना सोडून द्यावी लागली. त्या रात्री वडील तोफेवरच होते.

13 तारखेला टेकडी पडली. तिथं 400 हून अधिक डच सैनिक मेले. 14 ला रॉटरडॅमवर बॉम्ब पडले आणि संध्याकाळी शरणागती. ‘आपण पाच दिवसांत हरलो’ असं कुणी म्हटलं की आजी हातातलं काम ठेवून ती एक रात्र सांगायला बसत. बरोबरच करत.

शरणागतीनंतर कैदेत गेलेले वडील त्याच वर्षी सुटून आले. पण 1943 च्या एप्रिलअखेरीस जर्मनांनी सुटलेल्या सैनिकांना पुन्हा कैदेत बोलावलं. त्याविरुद्ध देशभर संप झाले. वडील हजर झाले नाहीत. ओळखीच्या एका गोठ्याच्या माळ्यावर लपले. तेवढा काळ शेत आईनं ओढलं, तेही घोड्यांशिवाय. सरकारनं नेलेल्या दोघांपैकी एकही परत आला नव्हता.